डुगडुगणारी पायरी

सुताराने पायरीवर तळवा ठेवून जोर दिला आणि पायरी डुगडुगली. जोर काढला, पुन्हा दिला, तरी तेच. दुकानात ती दगडासारखी बसली होती. काल सूर्य मावळायच्या आत घाईघाईने इथे आणून ठेवली, पण सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाची, जुनी फरशी एका बाजूला खचलीय हे पाहायचंच राहिलं. वीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या बसवणाऱ्या माणसाने घरच्याच कार्यात माती खाल्ली होती.

त्यात आज शनिवार. शब्बाथच्या, म्हणजे धर्माने नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी हातोडीला हात लावायची सोय नाही.

पायरी मुलासाठी होती. बायकोच्या पहिल्या लग्नातला हा मुलगा पाच वर्षांचा असताना सुताराच्या घरी आला. नवरा-बायको कुठेही बसले की हा मध्ये घुसायचा, म्हणून सुतार त्याला पाचर म्हणायचा, आणि तो सुताराला काका. पाचर आता तेरा वर्षांचा झाला, उंचीने मात्र दहाचाच राहिला. मेजावर उलगडलेली तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी दिसायला त्याला पायरी हवीच. आज तो चारचौघांसमोर पहिल्यांदा तोरा वाचणार आणि धर्माच्या लेखी मोठा होणार. ह्यापुढे त्याचं पुण्य त्याचं आणि पापही त्याचंच.

म्हणून मुलाचं वाचन झालं की बापाने एक ओळ म्हणायची असते. ह्याच्या अपराधांच्या ओझ्यातून ज्याने मला मोकळं केलं, तो देव धन्य.

सुताराने रंधा मारता मारता महिनाभर ती ओळ पाठ केली होती. गुरुवारी धर्मगुरूंनी त्याला बाजूला घेतलं. मुलाचे वडील येणार आहेत, आणि ओळ जन्मदात्याची, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. आठ वर्षांत तीन पत्रं पाठवणारा माणूस, म्हणजे आयत्या बिळावर नागोबाच की. शाळेची काच फुटली तेव्हा मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालून कोण उभं होतं? पण सुतार नुसतं बरं म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही. बायकोला पोट बिघडल्याचं सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण तिने ताट उचललं.

लोक जमले. वडीलही आले, चांगला कोट घालून. सुताराचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमचे फार उपकार आहेत. दाराची कडी बसवून दिली की लोक म्हणतात, अगदी तसंच. सुतार बाकावर बसला, उठला, परत बसला.

मुलाला बोलावणं आलं. नवी प्रार्थनेची शाल सावरत तो पायरीवर चढला आणि पायरी कलली. त्याने मेज धरलं. सुतार कुणाला विचारायच्या भानगडीत न पडता पुढे गेला आणि वर आलेली कड बुटाखाली दाबून उभा राहिला. धर्मगुरूंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चांदीच्या कांडीने ओळ दाखवत मुलगा सुरात वाचू लागला. आधी आवाज घोगरा होता, मग हळूहळू लागला. एका शब्दावर चुकला, तेव्हा शेजारी उभ्या म्हाताऱ्याने सुधारलं. सुताराच्या पोटरीत गोळा आला, पण त्याने पाय हलवला नाही.

वाचन संपलं. वडिलांनी उभं राहून ती ओळ म्हटली, स्वच्छ, न अडखळता. ज्या ओळीसाठी सुताराचा जीव खालीवर झाला होता, ती एका दमात संपलीसुद्धा. वडिलांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि बाकावर जाऊन पाय पसरून बसले.

आता मुलाने संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा वाचायचा राहिला होता. पण बापाचं काम झालं, मग आपण इथे कोण म्हणून उभे, असं सुताराला वाटलं. फार एकटं वाटलं. त्याने हळूच टाच उचलली.

मुलाने ग्रंथ उघडला. नजर पानावरच ठेवून, फक्त सुताराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला,

"काका, बाबा मोकळे झाले. तुम्ही पाय काढू नका. मला अजून वाचायचंय."

सुताराने टाच खाली टेकवली आणि अंगातला सगळा भार तिच्यावर दिला.