केशोरीच्या जीपचा मागचा बंपर

मी एक जुना, काळा, बोजड बंपर आहे, मित्रांनो. जीपच्या मागे बसवतात ना, तो. रूपाच्या नावाने माझी बोंबच! गोंदियाच्या गुलाबचंद मिस्त्रीने पुलाच्या भंगार लोखंडातून मला ठोकून काढले, दोन्ही टोकांना जाड हूक बसवले आणि दुकानापुढे टेकवून ठेवले.

वैशाखात केशोरीचे शेतकरी टेकचंद आले. त्यांनी लिलावात लष्कराची जुनी जीप घेतली होती आणि तिला मागे बंपरच नव्हता. बायको फुलवंता गाडीत बसली होती. तिला सहावा महिना होता. माझ्या शेजारी एक पातळ, चकचकीत बंपर होता. टेकचंदांनी त्यात आपल्या मिशा न्याहाळल्या आणि त्यांचा जीव तिथेच अडकला.

"मालक, वो तो शोभा का है," गुलाबचंद म्हणाला.

आमच्या धानाच्या मुलखात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रुतलेली बैलगाडी पुढे रेटत नाहीत. मागे हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी जुंपून तिला आल्या वाटेने बाहेर काढतात. फुलवंताच्या मनात तेच होते.

"अजी, बांधीत गाडी फसली तं त्याले साखळी कोठी बांधाल?"

"हे मोटार होय, बैलगाडी नोहोय!" टेकचंद हसले. "लगनात लोकं मांगून पाहतीन. हा काळा ठोकळा कायले लावू?"

फुलवंताने हट्ट सोडला नाही, म्हणून मलाही घेतले. पण लागला तो चकचकीत. मी गोठ्यात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसत आणि घाण करत. लग्नसराईत त्याचे कौतुक कानावर आले की माझा नुसता जळफळाट होई.

श्रावणात फुलवंताला कळा सुरू झाल्या. "मूल आडवं हाये. गोंदियाले न्या, उशीर नोका करू," सुईण देवकाबाई म्हणाली. जीप निघाली आणि गावाबाहेरच्या वळणावर घसरून बांधीच्या चिखलात रुतली. हल्ये आणले, साखळी बांधली. हल्यांनी जोर लावताच चकचकीत बंपर उखडून त्यांच्या मागे गेला. जीप जागची हलली नाही. आत फुलवंता कण्हत होती.

टेकचंद धावत गोठ्यात आले. मला खांद्यावर घेऊन ते पडत, उठत परत गेले. बोल्ट आवळताना नट चिखलात पडत होते, ते पुन्हा शोधावे लागत होते. शेवटी साखळी माझ्या हुकांत अडकली. मी होते नव्हते ते बळ लावले आणि जीप बाहेर आली.

काही दिवसांनी फुलवंता घरी आली. तिची ओटी रिकामी होती. थोडे आधी पोहोचले असते तर बाळ वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले होते.

गावातले लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "यानंच बाई वाचवली." ते खरेच होते, तरी ती शाबासकी माझ्या घशाखाली उतरत नसे.

फुलवंता नवऱ्याला कधी टाकून बोलली नाही. एकदा टेकचंद माझ्यावरचा चिखल खरवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुयं आयकलं असतं तं..."

तिने तेलाची वाटी त्यांच्याजवळ ठेवली. "हुकाले लावा. जंग चढून राहिला," एवढेच म्हणाली आणि आत गेली. टेकचंदांनी वाटीत बोटे बुडवली आणि ते माझ्या हुकांना तेल चोळू लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेल द्या, गंज चढू देऊ नका. पण त्याआधी, वस्तू निवडताना ज्याचा जीव तिच्यावर सोपवायचा आहे, त्याचे म्हणणे ऐका. मी लोखंड आहे, गोठ्यात पडून वाट पाहू शकलो. त्या बाळाला तेवढा वेळ नव्हता.