पडदाभर खुर्ची

हॉटेलवाल्याची ऑर्डर मिळाली, तर जावईबापूंच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: केबिन. सासऱ्यांच्या खुर्च्यांच्या कारखान्यात, बाहेर जाणाऱ्या बोळाला चिकटून ती रिकामी पडली होती. लाकडी भिंती, आतून कडी. लग्नापासून जावईबापू पॉलिशच्या डब्यांशेजारी स्टुलावर बसत, आणि येणारा-जाणारा त्यांच्या मांडीवर कामं टाकून जाई. केबिन म्हणजे दार, दार म्हणजे कडी, आणि कडी म्हणजे जेवणानंतरची डुलकी. एवढ्यासाठी माणूस स्लाइड बनवायलासुद्धा शिकतो.

शिकले. मोबाइलवर खुर्च्यांचे फोटो काढले, काही समोरून, काही बाजूने. शेवटच्या स्लाइडवर सासऱ्यांचा फोटो टाकला. मोठा पडदा भाड्याने आणला आणि आदल्या दिवशी कारखान्यातच घरच्यांसमोर तालीम ठेवली. पडदा आडवा, फोटो उभे. दोन्ही कडांना काळे पट्टे राहिले.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"उरलेली जागा आहे, बाबा."

"भाडं तर अख्ख्या पडद्याचं देतोय ना आपण?"

जावईबापूंनी फोटो मोठा केला. पट्टे गेले, पण खुर्चीचे पायही पडद्याबाहेर गेले.

"बिनपायाची खुर्ची कोण घेणार, जावईबापू?"

"बाजूला धरून ओढू नका हं," बायको मागून म्हणाली. "कोपऱ्याला धरा. नाहीतर आकाराचं वाटोळं होतं."

पण कोपऱ्याला धरून वाढवलं की पाय जात, लहान केलं की पट्टे येत, आणि सासरे मधूनमधून केबिनच्या दाराकडे बघत. जावईबापूंनी मनाचा हिय्या केला, फोटो बाजूला धरला आणि ओढला. एकामागून एक सगळेच ओढले. पडदा गच्च भरला. खुर्च्या ऐसपैस पसरल्या. सासरे मुळात काडीपैलवान. पडद्यावर ते एकदम भारदस्त झाले.

"हं," ते बराच वेळ बघून म्हणाले, "आत्ता कुठे माझा फोटो नीट आला."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला. देह असा, की दोन मावतील तिथे तो एकटा.

"मी उठलो की खुर्ची माझ्याबरोबर उठते," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "माझी गिऱ्हाइकंही माझ्याच मापाची. हॉलभर द्या. पण हुबेहूब फोटोसारख्या हव्यात."

तेवढ्यात शेवटची स्लाइड आली.

"हे कोण?"

"मीच," सासरे म्हणाले.

हॉटेलवाल्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या माणसाकडे. "मोठं दुखणं काढलंत वाटतं."

हातची ऑर्डर जाईल म्हणून सासरे म्हणाले, "हो. आता सुधारतोय."

सुताराने फोटोंवरून मापं काढली. समोरच्या फोटोत रुंदी वाढलेली, बाजूच्या फोटोत बैठकीची खोली. उंची तेवढी जुनीच.

"मालक, ही खुर्ची आहे की पलंग?"

"ही ऑर्डर आहे," सासरे म्हणाले.

हॉटेलवाला अधूनमधून काम बघायला येई, त्यामुळे सासऱ्यांना सुधारणं भाग होतं. खुर्च्यांच्या गादीचा फोम ते शर्टाखाली बांधू लागले, दर खेपेला एक थर जास्त.

"चांगली झाली हो प्रकृती," हॉटेलवाला म्हणे.

"जन्मात पहिल्यांदा यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं," सासूबाई म्हणाल्या, "तेही कारखान्याच्या मालातलं."

माल निघायच्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी शब्द पाळला आणि जावईबापूंना केबिनचा ताबा दिला. जावईबापूंनी आतून कडी लावली. जेवण व्हायचं होतं, पण त्यांनी डुलकी आधीच सुरू केली. बाहेर पहिलीच खुर्ची बोळात अडकली.

"आडवी केली, तिरकी केली, उलटीही करून पाहिली," सुतार म्हणाला. "बोळ जुन्या खुर्च्यांच्या मापाचा आहे, मालक."

बोळाची एक भिंत शेजाऱ्याची होती. दुसरी केबिनची. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

सासऱ्यांनी दारावर टकटक केली. "जावईबापू, जागे आहात?"

"केबिन मला दिलीय, बाबा."

"तुमचीच आहे. म्हणून तर विचारतोय. पाडू का?"

आधी आतून एक जांभई ऐकू आली. मग कडी निघाली. "दार तेवढं ठेवा," जावईबापू म्हणाले.

हॉटेलवाल्याला अंगाजोगत्या खुर्च्या मिळाल्या. हॉलमध्ये निम्म्याच मावल्या, पण बसलेला माणूस उठायचं नाव घेत नाही, म्हणून तो खूश आहे. सासऱ्यांना कायमचं गिऱ्हाईक मिळालं, त्यापायी ते भर उन्हाळ्यातही फोम बांधून घामाघूम बसतात. सुताराला रुंद बोळ मिळाला. जावईबापूंना दार मिळालं. ते त्यांनी स्टुलासमोर भिंतीला टेकवून उभं केलंय, कडीसकट. लोकही मान राखतात: आधी दारावर टकटक करतात, मग दाराला वळसा घालून त्यांच्या मांडीवर काम टाकून जातात.