रोकिमा गेला त्या दिवशीचा ट्रक

ओलं आलं पोत्यात भरू नये, काळं पडतं.

ओझ्याचा पट्टा कपाळावर घ्यायचा. खांद्यावर घेणारा माणूस डोंगराखालचा.

रोकिमाला सूर कळत नव्हता. तरी चर्चमध्ये तो मागच्या रांगेत तोंड हलवत उभा राहायचा.

आमच्या डोंगरातल्या शेतमालाचं स्टेशनापर्यंतचं भाडं सरकार भरतं. यंदाची सवलत मार्चअखेरपर्यंत. आज मार्चअखेर.

पहाटे रोकिमाचा खोकला थांबला.

*

"अहो मामा, गाव कुठं गेलं सगळं?" डोंगराखालच्या सिलचरचा ट्रकवाला निताई हॉर्न वाजवून दमला होता. दरडीमुळे तो अडकून पडला होता, आज पोचला. रस्त्याकडेला गावभरच्या आल्याची पोती रचलेली होती.

"मयत आहे," गावप्रमुख थांगझुआला म्हणाले. "संध्याकाळी दफन होईस्तोवर आमच्यात कुणी कामाला हात लावत नाही. पोरं खड्डा खणायला गेलीत."

"कोण गेलं?"

"रोकिमा."

निताई पायरीवर बसला. "माझी गाडी भरायचा तोच ना? मागच्या खेपेला मला म्हणाला, तुझी गाडी तुझ्यासारखीच, कितीही खाल्लं तरी पोट दिसत नाही."

दोघे जरा हसले.

"संध्याकाळी वॅगन सुटते, मामा. उद्यापासून भाडं तुमच्या खिशातून. आलं विकून हातात काय राहणार?"

"काही नाही. ठाऊक आहे."

*

आत बायका गात होत्या. प्रेताच्या उशाशी बसलेली रोकिमाची बायको झाइरेमी उठली आणि ओसरीवर आली.

"पु थांगझुआला," तिने मानाने हाक मारली, "पोती चढवा."

"आत जा, रेमी."

"त्याला आता काय त्याचं? हमाल होता तो. बोटभर जमीन नाही आमची. त्या पोत्यांत आमचं काही नाही."

"माझा बाप गेला तेव्हा गाव थांबलं. रोकिमासाठी नाही थांबायचं?"

"आणि पावसाळ्यात खाणार काय सगळे?"

"बघू."

"बघू काय!" तिचा आवाज फाटला. "मला कुणी बोलूनसुद्धा दाखवणार नाही. मी रोज पाण्याला जाणार आणि सगळ्या माझ्याशी गोड बोलणार. हे कसं सोसू मी?"

"आत जा, पोरी."

ती आत गेली नाही. सरळ पोत्यांशी गेली, पट्टा कपाळाला लावला आणि पोतं उचलायला वाकली. ते हललं नाही. पुन्हा वाकली. मग घरातून बायका आल्या. एकीने तिच्या कपाळावरचा पट्टा सोडवला, दुसरीने तिचे केस नीट केले. सगळ्या तिला धरून आत घेऊन गेल्या.

निताईने हातपाय धुतले, चप्पल बाहेर काढली आणि प्रेतापाशी थोडा वेळ बसला. मग रिकामी गाडी वळवली. उतारावर तिचा मागचा फाळका खडखडत राहिला. खड्डा खणणाऱ्या पोरांना तो आवाज वळणावळणावरून ऐकू येत होता. कुणी वर बघितलं नाही.

या गावात पहिली मोटार आली ती मिठाची. तिच्यातली सगळी पोती रोकिमाने एकट्याने उतरवली. बाकीचे मोटार बघत उभे होते.