झाड रडतंय, फांदी तोडू नका

वादळ जाऊन तीन दिवस झाले, तरी शेजाऱ्याच्या अंगणात बघ्यांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. मोडलेल्या फांदीच्या खुंटातून टप टप लाल थेंब गळत होते आणि भगव्या कफनीतले एक बाबा डोळे मिटून सांगत होते, "वृक्ष रडतोय! पलीकडच्या घरात पाप शिरलं, म्हणून त्याने फांदी टाकली. दुसरीला हात लावाल, तर वंश बुडेल!"

पलीकडचं घर नर्सबाईंच्या धाकट्या बहिणीचं. तिच्या शिवणाच्या खोलीचं अर्धं छप्पर त्या मोडलेल्या फांदीने पाडलं होतं, आणि दुसरी चिरलेली फांदी उरलेल्या अर्ध्यावर लोंबत होती. खाली रोज चार बायका मशीनवर बसत. झाड पोकळ झालंय, हे धाकटीने शेजाऱ्याला दोन महिन्यांपूर्वीच लेखी कळवलेलं. त्याने सही करून पत्र घेतलं आणि वादळानंतर हा बाबा आणून बसवला. चोर तो चोर, वर शिरजोर!

"ताई, लोक म्हणतात मीच झाडाची माफी मागावी," धाकटी रडवेली झाली. "ती फांदी बायकांच्या डोक्यात पडली म्हणजे?"

नर्सबाईंची नजर थेंबांवरून हलत नव्हती. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, हात आपोआप घड्याळाकडे गेला. मिनिटाला वीस थेंब. पुन्हा मोजले, तरी वीसच.

"अगं, इतकं मोजूनमापून कोणी रडतं का? हा बाबा खोडाभोवतीच्या त्या पडद्याआड ध्यानाला कधी जातो?"

"दर आठ तासांनी."

नर्सबाईंना हसू आवरेना. अर्ध्या लिटरची बाटली या वेगाने तेवढीच पुरते.

पुढच्या ध्यानाची वेळ झाली, तशा त्या बाबांसमोर मांडी ठोकून बसल्या. आधी गुडघेदुखी सांगितली, मग कंबर, मग सासूचं शेवटचं आजारपण अगदी पहिल्या तापापासून. बाबा उठायला लागले की त्या पायच धरायच्या. अर्ध्या तासात थेंब मंदावले, मग बंदच पडले.

"झाडाचं दुःख संपलं वाटतं," गर्दीतून एक आजोबा म्हणाले.

"सलाईन संपलं," नर्सबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी बोलावलेला झाडं तोडणारा शिडी घेऊन तयारच होता. त्याने वरच्या ढोलीतून लाल पाण्याची रिकामी बाटली काढली आणि सालीखालून लांबलचक नळी ओढली. तोवर बाबा चपला टाकून पसार झाले होते.

शेजारी मान खाली घालून पुटपुटला, "छप्पर मी घालून देतो."

"द्यालच. झाड तुमचं, पोकळ आहे हे तुम्हाला माहीत होतं, मग नुकसानही तुमचंच. पण आधी ती फांदी उतरवा." मग नर्सबाई गर्दीकडे वळल्या. "आणि तुम्ही! तीन दिवस थेंबांना हात जोडलेत. थेंब कुठून येतो, हे एकाने तरी विचारायचं होतं. वर मान करून पाहिलं असतंत, तर बायकांच्या डोक्यावर काय लोंबतंय ते तरी दिसलं असतं."

सगळ्यांनी वर पाहिलं. मग कोणीतरी दोर आणायला धावलं.