टाकीखालचं दार

"सुरुवातीची पानं सरळ कंटाळवाणी आहेत," निवृत्त मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून रुमालाने पुसू लागले. "त्या मुली दारापाशी पोचेपर्यंत वाचणाऱ्याला डुलकी लागते."

वाचनालयाच्या हॉलमध्ये वीसेक माणसं गोल करून बसली होती. ज्यांच्या पुस्तकाबद्दल हे चाललं होतं, त्या सिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या आणि मास्तरांचं म्हणणं मान डोलावून ऐकत होत्या. सरकारी दवाखान्यात मुलांना लशी टोचण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली तरी गावाला त्या सिस्टरच. त्यांना ताई म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची धाकटी बहीण. ती आज कुणी न बोलावता परगावाहून आली होती आणि समोरच्या टोकाला जाऊन बसली होती. ती कोण, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

सिस्टरांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही ठरवून नाही. सुई दिसली की भोकाड पसरणाऱ्या मुलांना त्या एक गोष्ट सांगायच्या. दोन बहिणी असतात. पाण्याच्या उंच टाकीखाली त्यांना एक गंजकं लोखंडी दार सापडतं. दारापलीकडच्या देशात संध्याकाळ होतच नाही, त्यामुळे 'खेळ पुरे, घरी चला' असं तिथे कुणी म्हणत नाही. गोष्ट ऐन रंगात आली की सिस्टर सुई टोचून मोकळ्या व्हायच्या आणि पुढचं पुढच्या लशीला सांगायच्या. पुढची लस कधी, म्हणून मुलं आयांच्या मागे लागायची. शेजारच्या छापखानेवाल्यांनी गळ घालून ती गोष्ट लिहून घेतली आणि छापली. शेवटी थोरली घरी परतते. धाकटी पलीकडेच राहते. थोरली मग रोज जाऊन त्या दारापाशी बसते. पुस्तक तिथे संपतं.

आता छापखानेवाल्यांचा मुलगा रंगीत चित्रांची नवी आवृत्ती काढणार होता. धाकटीला परत आणावं, असं त्याचं म्हणणं होतं. हल्लीच्या आईबापांना असले शेवट चालत नाहीत. सिस्टर हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तेव्हा ग्रंथपाल बाईंनी सुचवलं, वाचणाऱ्यांनाच विचारू.

मास्तरांनंतर औषधांचा दुकानदार बोलला. त्याला नेमकी तीच सुरुवातीची पानं आवडायची. टाकीतून ठिबकणारं पाणी, शेवाळाचा वास, वाळत घातलेल्या चादरींमधली पळापळ. आपलं निम्मं लहानपण त्या टाकीखाली गेलं, तो म्हणाला, आणि आमच्या भागात तर टाकीच नव्हती. सगळे हसले. एका तरुण आईने सांगितलं की तिने हौसेने लेकीला पुस्तक वाचून दाखवलं आणि पस्तावली. धाकटीला तिथे जेवायला कोण देतं, एवढं एकच लेक विचारत राहिली. शिवाय पुस्तकातली आई एकदाही रडत नाही, अशी कुठे आई असते? दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचं मत अगदी उलट होतं. त्या देशातली पक्ष्यांची लढाई जरा लांबलीय, पण धाकटी तिथे मजेत आहे ना, मग तिला उगाच कशाला आणायचं?

सिस्टरांचं लक्ष मात्र समोर होतं.

सिस्टरांच्या मावशीला मूलबाळ नव्हतं. धाकटी सहा वर्षांची असताना मावशीने तिला मागून घेतलं. रडारड नको म्हणून थोरलीला शेजारी चाळण परत द्यायला पाठवलं होतं. ती आली तेव्हा उंबऱ्याजवळच्या छोट्या चपला गेल्या होत्या. मग मोठ्यांनी बजावलं: भेटायला जायचं नाही, निरोप धाडायचा नाही, तिला रमू दे. पुढे बहिणी लग्नाकार्यात भेटायच्या. धाकटी गोबरी झाली होती, गाणं शिकत होती, मावशीला आई म्हणत होती. पुस्तक निघालं तेव्हा सिस्टरांनी तिच्या हातात दिलं. "बघते," ती म्हणाली होती. त्यावर इतक्या वर्षांत एक अक्षर नाही.

आता तिनेच हात वर केला.

"मला शेवट पटतो," ती म्हणाली. "धाकटीने परत येऊ नये. आता तेच तिचं घर. आई रडत नाही हेही मला खरं वाटतं. काही आया मोरीत जाऊन रडतात." तिने पदर सारखा केला. "पण थोरली रोज त्या दारापाशी बसते आणि एकदाही हाक मारत नाही, ते मला कळलं नाही. धाकटी आली नसती. पण ऐकू तरी गेलं असतं ना तिला."

मास्तर म्हणाले, मुद्दा रास्त आहे. सगळे सिस्टरांकडे पाहू लागले.

"घरच्यांनी सांगितलं होतं, हाक मारायची नाही," सिस्टर म्हणाल्या.

"पुस्तकात तसं कुठे आलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"नाही आलं. राहून गेलं."

चहा झाला. निघताना सिस्टरांनी छापखानेवाल्यांच्या मुलाला बाजूला घेतलं. शेवट आहे तोच राहील, फक्त एक वाक्य वाढेल, ते मी देते, असं त्याला सांगितलं. तो काही म्हणणार होता, पण सिस्टरांचा लस टोचतानाचा चेहरा त्याला लहानपणापासून ठाऊक होता.

दोघी बहिणी बसस्टँडपर्यंत चालत गेल्या. आधी गुडघ्यांचं बोलणं झालं, मग सुनांचं. मग धाकटी म्हणाली की पुस्तक तिने हाती पडलं त्याच दिवशी वाचलं होतं. मावशीनेही वाचलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. "ती असेपर्यंत मला तुझ्याशी त्यावर बोलता येईना, ताई. आता ती गेली."

"तू रमली होतीस का गं?"

"रमले होते," धाकटी म्हणाली. "तेच तर कुणाला सांगवेना."

बस लागली. धाकटी चढली, खिडकीशी बसली. काच अर्ध्यावर अडकली होती. बाहेर येईल तेवढा हात तिने बाहेर काढला. सिस्टरांनी तो बस हलेपर्यंत धरून ठेवला. बस वळणाआड गेली, धुरळा बसला, फलाटावर पुढच्या गाडीची माणसं जमू लागली. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने डोकं बाहेर काढलं.

"आजी, कुठं जायचंय तुम्हाला?"

"कुठं नाही," सिस्टर म्हणाल्या. "बहिणीला सोडायला आलेय."

आणि त्या आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.