कणगीतली तबकडी

मित्रांनो, मी एक जुना, चावीवर चालणारा ग्रामोफोन आहे. माझा कर्णा एका बाजूने चेपला आहे आणि आतली स्प्रिंग तुटली आहे, तेव्हा माझ्याकडून गाण्याची अपेक्षा करू नका. आता बोलणे तेवढे उरले आहे, ते ऐका.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती मानवतच्या एका दुकानापासून. एका वर्षी कापूस चांगला पिकला, तेव्हा पेडगावचे आश्रुबा मला बैलगाडीत सरकीच्या पोत्यांवर बसवून घरी घेऊन आले. सोबत सहा तबकड्या होत्या. त्यांच्या पत्नी नर्मदाबाई यांनी मला हळदकुंकू लावले. त्याचा डाग अजून माझ्या झाकणावर आहे. गावात मला कुणी ग्रामोफोन म्हटले नाही, सगळे बाजाच म्हणत.

दिवेलागणीला घरातले चौघे माझ्याभोवती बसत. धाकटी कोकिळा चावी देई, थोरला भुजंग तबकडी लावी. तेव्हाची ती गाजलेली गाणी, परभणीच्या बाजारात जो तो तीच गुणगुणत असे. रझाकारांच्या धामधुमीत सुया मिळेनाशा झाल्या, तर भुजंगने बाभळीचे काटे तासून मला बसवले. आवाज बारीक येई, पण येई. सहावी तबकडी त्याची लाडकी. ती लागली की तो माझ्या कर्ण्याशी तोंड आणून मोठ्याने गाऊ लागे. चांगला बेसूर गायचा हो! तरी घरचे मला सोडून त्याचेच ऐकत. मला फार राग यायचा.

१९४८च्या उन्हाळ्यात भुजंग रझाकारांशी लढायला निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघाला. जाताना ती तबकडी त्याने आईच्या हातात दिली.

"माय, ही तेवढी सांभाळ. मी आलो की समदे मिळून ऐकू."

त्या दिवसांत लुटीच्या भीतीने बायका आपली चांदी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत. नर्मदाबाईंनी गोठ आणि वाळ्यांबरोबर ती तबकडीही वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून कणगीच्या तळाशी ठेवली. सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. कॅम्पातली पोरे घरी आली. भुजंग आला नाही. कुणी म्हणे त्याला पूर्णेच्या स्टेशनात पाहिला, कुणी म्हणे कुठेच नाही. कणगीतली चांदी बाहेर निघाली, तबकडी मात्र आतच राहिली.

त्याला कारण होते. दर वेळी सुई फिरली की तबकडी थोडी झिजते, असे मानवतच्या दुकानदाराने नर्मदाबाईंना कधीतरी सांगितले होते. ते त्यांनी मनात घट्ट धरून ठेवले.

कोकिळा हट्ट धरी, "माय, एकदाच लाव की!"

"भुजंग आल्यावर. तवर मी ती झिजू द्यायची न्हाई."

दरवर्षी नवी ज्वारी भरताना ते गाठोडे बाहेर निघे आणि न सोडताच पुन्हा तळाशी जाई. बाकीची पाच गाणी आम्ही ऐकत राहिलो. पाहता पाहता ती जुनी झाली. कोकिळेचे लग्न होऊन ती पूर्णेला गेली. माझ्याभोवती दोघेच उरले.

१९५७च्या उन्हाळ्यात आश्रुबांनी अंथरूण धरले. एके दुपारी ते म्हणाले, "भुजंगाची माय, लेकराचा आवाज आठवंना झालाय मला. तोंड दिसायलंय, पण आवाज येईना. त्याचं गाणं लाव. ते लागलं की आठवल."

"आवो, तो आल्यावर..."

"तो येईल तवर मी नसंल."

दोन दिवस नर्मदाबाई कणगीपाशी जात आणि तशाच परत येत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोकिळेला बोलावून घेतले. मायलेकींनी टोपलीटोपलीने ज्वारी काढली, गाठोडे वर आणले आणि सोडले.

तबकडी सुपासारखी वाकली होती. कणगी होती पडवीच्या पत्र्याखाली. लाखेची तबकडी ती, तापली की मऊ पडते. वरून धान्याचे ओझे, आणि असे नऊ उन्हाळे. इतकी जपली, पण एकदाही उघडून पाहिली नाही.

तरी कोकिळेने ती माझ्यावर ठेवली. सुई वर चढली, खाली पडली, अर्धी ओळ उमटली. आश्रुबांनी मान उचलली.

"आला, आला," ते म्हणाले.

तेवढ्यात सुई घसरून बाहेर गेली.

"थांबा, सरळ करते," म्हणत नर्मदाबाईंनी दोन्ही तळव्यांनी तबकडी दाबली. तिचे दोन तुकडे झाले.

मग नर्मदाबाई स्वतःच ते गाणे म्हणू लागल्या. जात्यावर सोडून त्या कधी नवऱ्यादेखत गायल्या नव्हत्या. पहिली ओळ आली, दुसरी चाचपडत आली. तिसरी येईना. त्यांनी लेकीकडे पाहिले. तिलाही येत नव्हती. नऊ वर्षांत कुणी ऐकलेच नव्हते.

"राहू दे. दमलीस," आश्रुबा म्हणाले.

पुढे चारच दिवस ते होते. भेटायला येईल त्याला एकच विचारत, "माझ्या भुजंगाचा आवाज कसा व्हता रं?" कुणालाही धड सांगता आले नाही.

तेराव्यानंतर नर्मदाबाई माझ्यापाशी बसल्या आणि मला चावी देऊ लागल्या. तबकडी नव्हती, काही नव्हते. स्प्रिंग तुटेपर्यंत देत राहिल्या. ते दोन तुकडे अजून माझ्या झाकणात आहेत.

मित्रांनो, त्या गाण्याच्या सगळ्या ओळी मला पाठ आहेत. भुजंगचा तो बेसूर आवाजही मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्या घरात तो फक्त मलाच आठवत होता, आणि तबकडीवाचून मला एक सूर काढता येत नव्हता. याचे दुःख मला जन्मभर आहे. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या घरात कुणाच्या आवडीचे गाणे जपून ठेवलेले असेल तर आज दिवेलागणीला सगळे मिळून बसा आणि ते लावा. झिजेल, झिजू द्या. ऐकणारी माणसे आहेत तोवर झिजू द्या.