चोप

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा धरली गेली. सिंगापुरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. ना नाव लिहायचं, ना राखायला माणूस बसवायचा. पाकीट ठेवायचं, रांगेत उभं राहायचं आणि वाडगा घेऊन परत यायचं. याला आम्ही ‘चोप’ करणं म्हणतो. चोप केलेल्या जागेवर कुणी बसत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. चोप शब्दाचा दुसरा अर्थही मला माहीत आहे, आणि परवा दुपारी तोच अर्थ वापरावा असं मला फार वाटलं.

हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, आमचा खिम्याच्या नूडल्सचा स्टॉल. नवरा नूडल्स उकळतो, मी वाडग्यात तिखट, काळं व्हिनेगर आणि चरबी घालून कालवते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. नवऱ्याच्या मते मी बोलण्याचंच काम जास्त करते. गिऱ्हाइकांची नावं मला ठाऊक नसतात. जो जसं खातो तेच त्याचं नाव. त्यातलाच एक बिनतिखट. गळ्यात ऑफिसचं कार्ड, इस्त्रीचा शर्ट, आणि रोजचं एकच मागणं, तिखट नको, व्हिनेगर नको, चरबी नको. मग खातोस काय बाबा, उकळलेली सुतळी? पण बोलतो गोड. “आंटी, प्लीज. आंटी, थँक्यू.”

खिमताई आमच्या सेंटरमध्ये टिश्यू विकते. पाकिटांचा गठ्ठा घेऊन टेबलाटेबलांशी वाकते, “टिश्यू घेणार का?” म्हणते, नाही म्हटलं की पुढं जाते. शिवणकामाची फॅक्टरी बंद पडल्यापासून तिचं हेच चाललंय. खाते कुठं? मागं, भांडी घासतात तिथं, खुर्चीवर टेकून. मी किती वेळा म्हटलं, टेबलावर बस. तर म्हणते, “गिऱ्हाइकांच्या जागा आहेत त्या.”

गेल्या आठवड्यात ती स्टॉलवर आली आणि हळूच म्हणाली, “माझी धाकटी बहीण येतेय मलेशियातनं, बाटू पाहाटहून. तिला इथं जेवायला आणीन.”

“आण की.”

“पण मला ओळख दाखवू नकोस. म्हणजे दाखव, पण गिऱ्हाईक म्हणून.” मग थोडं थांबून म्हणाली, “मी तिला सांगितलंय, मी कागदाच्या धंद्यात आहे.”

मला हसू फुटलं. ती नाही हसली. “टिश्यू कागदाचेच असतात ना?” म्हणाली. मग मीही हसू आवरलं. म्हातारीला एक दिवस, फक्त एक दिवस, बहिणीसमोर खुर्चीवर बसून गरम नूडल्स खायच्या होत्या. यात कुणाचं काय जात होतं?

परवा ती आली ती निळा ब्लाऊज घालून, केसांना तेल लावून. हातात गठ्ठा नव्हता. सोबत बहीण, एंग. काळीसावळी, दणकट बाई, लांबच्या बसप्रवासानं चुरगाळलेली. खिमताईनं पंख्याखालचं टेबल पाहिलं, पर्समधून एक पाकीट काढलं आणि मध्यभागी ठेवलं. अगदी रुबाबात. इतकी वर्षं हजारो पाकिटं विकली, पण जागा धरायला पाकीट ठेवलं ते त्या दिवशीच. मग बहिणीला हात धुवायला घेऊन गेली.

जाता जाता मला म्हणाली, “दोन वाडगे द्या हं, आंटी. एकात तिखट जास्त.”

“देते मॅडम,” मी म्हटलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मी कुणालाही मॅडम म्हणत नाही.

मी वाडगे भरत होते, वर दोन काप काळीजही घातलं, तेवढ्यात बिनतिखट दोन मित्रांना घेऊन आला. टेबल पाहिलं, पाकीट पाहिलं, उचललं. इकडंतिकडं नजर टाकली, खिशातून दोन डॉलरची नोट काढून तिखटाच्या बशीखाली सरकवली. पाकीट फोडलं, एका टिश्यूनं टेबल पुसलं, आणि तिघं ऐसपैस बसले.

मला कळेना, हा करतोय काय? मग उलगडलं. काही टिश्यूवाले टेबलावर पाकीट ठेवून पुढं जातात आणि येताना पैसे गोळा करतात. रोज खिमताईकडून घेतो तसलंच पाकीट पाहून ह्या शहाण्याला वाटलं, आपली टिश्यूवाली आंटी ठेवून गेली. सगळ्या दुनियेचं पाकीट म्हणजे चोप, फक्त खिमताईचं पाकीट म्हणजे विक्री. का? तर तिला बसायची गरज पडेल हे त्याच्या डोक्यातच येईना. तिला पाय आहेत हे माहीत होतं, बूड आहे हे माहीत नव्हतं.

ओरडावं तर बिंग फुटेल. मी हातातला झारा आवळून उभी राहिले.

दोघी परत आल्या. एंगच आधी बोलली, “अहो, ही जागा आमची आहे. पाकीट ठेवलं होतं ना.”

“पाकीट? ते मी घेतलं,” बिनतिखट गोड हसला. मग मागं उभी असलेली खिमताई त्याला दिसली. “अरे, आंटी! पैसे ठेवलेत तिथं, बशीखाली. रोज देतो तसेच.”

“रोज?” एंग म्हणाली.

खिमताईनं एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा त्या फोडलेल्या पाकिटाकडं. आणि म्हणाली, “हो हो. बरोबर आहे. विकायलाच ठेवलं होतं. बसा तुम्ही.” बहिणीचा दंड धरला आणि निघून गेली. नोटसुद्धा घेतली नाही.

मग मात्र मी बाहेर आले. आता लपवायला उरलं काय होतं?

“काय घेतलंस तू?” मी विचारलं.

“टिश्यू,” तो गोंधळला. “आंटी, मी पैसे दिलेत. लोक तर तेवढेही देत नाहीत.”

“टिश्यूचे दिलेस. मग टिश्यू घे आणि ऊठ. जागा तिनं विकली नव्हती.”

“पण ती तर टिश्यूवालीच ना? मला कसं कळणार?”

मित्रांनी मोबाईलमध्ये तोंडं खुपसली. तो काही उठला नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याच्यावरच अन्याय होतोय. यानंच माझं डोकं जास्त फिरलं. लबाड माणसाला शिवी तरी देता येते. मी बशीखालची नोट ओढून घेतली आणि परत आले. दोन्ही वाडग्यांतल्या नूडल्स फुगून गोळा झाल्या होत्या.

“गिऱ्हाइकाशी भांडून पोट भरतं का?” नवरा म्हणाला.

“तुमच्या नूडल्स बघा, लगदा होतोय,” मी म्हटलं.

मला वाटलं, खिमताई आता चार दिवस तोंड दाखवणार नाही. पण काल दुपारी दोघी हजर. आणि गठ्ठा एंगच्या हातात.

“काल रात्री मी हिच्याशी एक शब्द बोलले नाही,” एंग मला म्हणाली. जुनी ओळख असल्यासारखी. “विकते म्हणून नव्हे हं. मी बाटू पाहाटच्या बाजारात केळ्याची भजी तळते. अंगाला तेलाचा वास येतो म्हणून जावईबापू शेजारी बसत नाहीत. आणि ही माझ्यापुढं लाजते. मी कोण राणी लागून गेले?”

“बास झालं गं,” खिमताई म्हणाली.

“बास कसं? कागदाचा धंदा म्हणे. मी गावभर सांगत सुटले ना, माझ्या ताईचं ऑफिस आहे म्हणून.”

एवढ्यात बिनतिखट आला. एकटाच. पंख्याखालच्या टेबलावर त्यानं पाकीट ठेवलं. आदल्या दिवशीचंच, अर्धं उरलेलं. आणि आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. “आंटी, तिखट नको, व्हिनेगर नको, चरबी नको.” आदल्या दिवशी काही घडलं होतं याचा चेहऱ्यावर पत्ता नाही.

मी वाडगा भरून दिला, सोबत गरम सूप काठोकाठ. तो ट्रे सांभाळत, पाऊल मोजत वळला. मी झारा नवऱ्याच्या हातात दिला आणि मागच्या वाटेनं टेबल गाठलं. पाकीट उचललं. त्याचीच ती दोन डॉलरची नोट बशीखाली सरकवली. एंगनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं बहिणीला खांद्याला धरून टेबलाशी आणलं, खुर्चीत बसवलं आणि समोर स्वतः बसली. खिमताई उठायला बघत होती. “बस,” एंग म्हणाली.

तो आला. “इथं माझं पाकीट होतं.”

“ते मी घेतलं,” मी म्हटलं. “पैसे ठेवलेत की, बशीखाली.”

त्यानं सगळीकडं पाहिलं. जेवणाची वेळ, सेंटर गच्च भरलेलं. सूप हिंदकळून त्याच्या मनगटावर आलं. खिमताई खाली मान घालून बसली होती, पण उठली नाही. टेबलाचा काठ घट्ट धरून बसून राहिली.

एंगनं गठ्ठ्यातून एक पाकीट ओढून त्याच्यापुढं धरलं.

“टिश्यू घेणार का, साहेब? नुसते टिश्यू हं. जागा नाही मिळणार.”